गिरणाकाठची जुनी पाइपलाइन पुन्हा चालू करण्यापूर्वी

नदीतून किंवा नदीकाठच्या विहिरीतून शेतापर्यंत पाणी नेणारी, मागच्या पिढीने टाकलेली आणि मधली काही वर्षे बंद पडलेली पाइपलाइन पुन्हा चालू करावी की तिचा नाद सोडून नवी टाकावी, हा प्रश्न चाळीसगाव तालुक्यातील शेतकरी पाइपच्या दुकानात, मोटरच्या मिस्त्रीकडे आणि तलाठी कार्यालयात सारख्याच गोंधळाने विचारताना दिसतात. त्यांना मिळणारी उत्तरेही बहुधा दोनच असतात: ‘वीस वर्षांची झाली, आता टाकून द्या’ किंवा ‘जमिनीखाली आहे, तिला काय होतंय’. ही दोन्ही उत्तरे पाइपलाइनच्या वयाकडे पाहून दिलेली असतात, आणि निर्णय मात्र वयावर ठरत नाही. आता या पाइपलाइनकडून कोणते काम घ्यायचे आहे, त्या कामात तिच्यावर किती दाब येणार आहे आणि तो दाब ती आज सोसू शकते का, एवढे तीन प्रश्न सुटले की पुढचा निर्णय जवळजवळ आपोआप होतो.

वय नव्हे, काम

मुंबई हाय हे तेलक्षेत्र १९७४ मध्ये सापडले, १९७६ मध्ये तेथून तेल काढण्यास सुरुवात झाली आणि पुढे समुद्रतळावरून उरणपर्यंत तेल आणणाऱ्या नळवाहिन्या टाकल्या गेल्या. समुद्राखालची अशी नळवाहिनी जुनी झाली, तिच्यातून वेगळा द्रव न्यायचा असला किंवा बंद पडलेला भाग पुन्हा वापरात आणायचा असला, म्हणजे अभियंते प्रथम तिची भिंत आतून किती झिजली आहे ते पाहतात. त्यासाठी मोजमापाची उपकरणे बसवलेला एक दट्ट्या प्रवाहाच्या जोरावर नळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाठवला जातो. बाहेरून वाळू वाहून गेल्याने नळी कोठे अधांतरी लटकते आहे का, हे पाण्याखाली फिरणाऱ्या यंत्राच्या साहाय्याने तपासले जाते, आणि उरलेल्या जाडीला किती दाब पेलेल याचा हिशेब मांडून गरज पडल्यास चालवण्याचा दाब कमी केला जातो. पोलादी नळ्यांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या एका नियमानुसार गंजाचा खड्डा भिंतीच्या जाडीच्या ८० टक्क्यांहून खोल गेला असेल, तर हिशेब करत न बसता तो तुकडा बदलावाच लागतो.

गिरणेच्या वाळूखालून गेलेल्या सहा इंची पाइपसाठी एवढी यंत्रे लागत नाहीत, पण प्रश्नांचा क्रम हाच ठेवावा. तालुक्यात त्याची गरज वाढण्याचे कारणही उघड आहे. १९६९ मध्ये पूर्ण झालेल्या गिरणा धरणातून सुटणारी आवर्तने, म्हणजे ठराविक काळाने नदीत किंवा कालव्यांत सोडले जाणारे पाणी, आणि वरखेडे-लोंढे बॅरेजसारखी कामे यांमुळे नदीकाठच्या पाण्याचा हिशेब बदलतो, आणि सोडून दिलेल्या पाइपलाइनकडे पुन्हा लक्ष जाते. मात्र ज्या पिढीने ती टाकली तिने शेताच्या वरच्या बांधावर पाणी ओतून ते पाटाने मोकळे सोडले होते, तर आजच्या पिढीला त्याच पाइपने केळीचे किंवा लिंबाचे ठिबक चालवायचे आहे. जुन्या पाइपलाइन फुटतात त्या बहुतेक या फरकामुळे, आणि दोष मात्र पाइपच्या वयाला दिला जातो.

आधी कागद: पाइपलाइन कोणाची

खोदकामाला हात लावण्यापूर्वी ती पाइपलाइन कायद्याने आपली आहे का, हे पाहणे आवश्यक आहे, कारण भावकीत वाटण्या झालेल्या असतात, विहीर एकाच्या वाट्याला आणि शेत दुसऱ्याच्या वाट्याला गेलेले असते. पुढील कागद एकत्र करावेत:

- ज्या गटांतून पाइपलाइन जाते त्या सर्व गटांचे सातबारा उतारे. त्यांतील ‘इतर हक्क’ हा रकाना विशेष काळजीने वाचावा, कारण पाइपलाइनचा हक्क किंवा तिच्यासाठी काढलेल्या कर्जाचा बोजा, म्हणजे फेड होईपर्यंत जमिनीवर राहणारी नोंद, तेथेच सापडते.
- जुने फेरफार, वाटणीपत्र आणि शेजाऱ्यांशी झालेले करार, मग ते साध्या कागदावरचे असले तरी.
- नदी, धरण किंवा कालव्यातून पाणी उचलण्याचा पाटबंधारे विभागाचा परवाना. तो वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावे असेल किंवा त्याची मुदत संपली असेल, तर पाइप कितीही चांगला असला तरी पाणी उचलणे बेकायदा ठरते. म्हणून नूतनीकरण किंवा वारसाचे नाव लावण्याचा अर्ज चाचणीच्या आधीच द्यावा.
- पाइपलाइन सहकारी उपसा सिंचन संस्थेची असेल तर संस्थेची सध्याची स्थिती. संस्था अवसायनात, म्हणजे गुंडाळण्याच्या प्रक्रियेत, गेली असेल तर तिची मालमत्ता अवसायकाच्या ताब्यात असते आणि कोणा एका सभासदाला ती परस्पर वापरता किंवा उकरता येत नाही.

पाइप कशाचा, कितीचा

यानंतर पाइपचा प्रकार, व्यास आणि दाबाचा वर्ग शोधावा. दाबाचा वर्ग म्हणजे दुकानात ‘चार किलोचा’, ‘सहा किलोचा’ असे म्हणतात तो आकडा, आणि दर चौरस सेंटीमीटरवर तितक्या किलोंचा दाब तो पाइप सतत सोसू शकतो असा त्याचा अर्थ असतो. पीव्हीसी पाइपवर हा आकडा भारतीय मानक क्रमांक ४९८५ सह छापलेला असतो आणि मातीखाली राहिलेल्या पाइपवर ती छपाई अनेक वर्षांनीही वाचता येते. एका ठिकाणी छपाई वाचून सगळी पाइपलाइन तशीच आहे असे मात्र मानू नये, कारण पैसे जमतील तसे दोन-तीन हंगामांत पाइप टाकण्याची रीत होती आणि एकाच पाइपलाइनमध्ये वेगवेगळे वर्ग सापडतात.

सिमेंट काँक्रीटच्या गोल पाइपांना, म्हणजे वालचंद हिराचंद यांनी १९२६ मध्ये स्थापन केलेल्या इंडियन ह्यूम पाइप कंपनीमुळे आपल्याकडे नाव रूढ झालेल्या ह्यूम पाइपांना, ‘एनपी’ आणि ‘पी’ असे वर्ग असतात. एनपी वर्गाचे पाइप दाबासाठी बनवलेलेच नसतात. ते मोरीसाठी किंवा उताराने वाहणाऱ्या पाण्यासाठी आहेत, आणि त्यांना मोटर जोडणे चूक आहे. पी वर्गातही कारखान्यातील चाचणीचा दाब आणि शेतात रोज चालवायचा दाब वेगळे असतात: पी-२ पाइपची चाचणी ४ किलोवर होते, पण मोटरच्या पाण्यासाठी त्याच्या निम्म्याच दाबाचा हिशेब धरायचा असतो.

नव्या कामाचा दाब मांडणे

संपूर्ण तपासणीत सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी खर्चाचा भाग हाच आहे, तरी तोच बहुतेक वेळा वगळला जातो. पाण्याचा १० मीटर उंच स्तंभ साधारण १ किलो दाब देतो, एवढे लक्षात ठेवले की बाकीचा हिशेब बेरजेचा आहे. तीन गोष्टी मिळवायच्या असतात: पाण्याच्या पातळीपासून शेतातील तोंडापर्यंतची उभी चढण, वाहताना पाइपच्या भिंतीशी होणाऱ्या घर्षणात जाणारी उंची, आणि शेवटच्या तोंडाशी हवा असलेला दाब.

उदाहरण म्हणून १६० मिलिमीटरच्या, म्हणजे सहा इंची म्हटल्या जाणाऱ्या, ४ किलोच्या पीव्हीसी पाइपची १,८०० मीटर लांबीची पाइपलाइन घ्यावी. उभी चढण ३५ मीटर आहे आणि सेकंदाला १२ लिटर पाणी हवे आहे असे धरले, तर घर्षणात सुमारे साडेपाच मीटर जातात आणि मोटरजवळ पाइपवर साधारण ४० मीटरचा, म्हणजे ४ किलोचा, दाब येतो. मोकळे पाणी सोडण्यासाठी टाकलेली ही पाइपलाइन पहिल्या दिवसापासून आपल्या मर्यादेच्या टोकावर चालत होती. आता त्याच तोंडाशी ठिबकचा फिल्टर आणि नळ्यांसाठी आणखी २० मीटर दाब हवा असेल, तर बेरीज ६० मीटरवर जाते. तो दाब या वर्गाचा अगदी नवा पाइपही सोसणार नाही, मग जुन्याची परीक्षा घेण्याचे कारणच उरत नाही.

चढणीचे मोजमाप मोबाइलमधील उंचीवरून करू नये, त्यात काही मीटरांची चूक सहज होते. पाण्याच्या पारदर्शक लेव्हल नळीने टप्प्याटप्प्याने किंवा मोजणीदाराकडून लेव्हल यंत्राने ते करून घ्यावे.

या बेरजेत न दिसणारा चौथा दाब वीज जाताना येतो. वेगाने वर चढणारा पाण्याचा स्तंभ मोटर अचानक थांबल्यावर मागे फिरतो आणि बंद झालेल्या झडपेवर आदळतो. या धक्क्याला जलाघात म्हणतात. वाहण्याचा वेग सेकंदाला १ मीटर असेल आणि तो एकदम शून्य झाला, तर लोखंडी किंवा सिमेंटच्या ताठर पाइपमध्ये सुमारे १०० मीटरचा, आणि लवचीक पीव्हीसीमध्ये साधारण ३० ते ४० मीटरचा क्षणिक दाब वाढू शकतो. वरच्या उदाहरणात वेग सेकंदाला दोन-तृतीयांश मीटर आहे, म्हणजे पीव्हीसीतही २० मीटरचा धक्का धरायला हवा. ग्रामीण भागात भारनियमनामुळे दिवसातून अनेकदा वीज जाते, त्यामुळे हा धक्का रोजचाच आहे आणि सांधे सैल होण्याचे ते मोठे कारण आहे.

उघडून पाहणे

प्लास्टिकचा पाइप धातुशोधकाला सापडत नाही, म्हणून पाइपलाइनची वाट जुन्या व्हॉल्व्हचे चेंबर, खुणेचे दगड आणि गावातील जाणत्या माणसांची आठवण यांवरूनच काढावी लागते. वाट निश्चित झाल्यावर पाच-सहा ठिकाणी चाचणी खड्डे घ्यावेत: मोटरजवळ, सर्वांत सखल जागी, नदीच्या काठावर, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आणि जेथे जुने जोडकाम दिसते तेथे. शेवटचे दोन फूट फावड्याने खणावे, कारण जेसीबीच्या दातांनी पाइप फुटला तर तो आधी कसा होता हे कधीच कळत नाही.

काळ्या जमिनीत विशेष लक्ष सांध्यांकडे द्यावे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला खोल भेगा पडतात, आणि या दरवर्षीच्या हालचालीत पाइपचा मधला भाग शाबूत राहून जोड हळूहळू बाहेर ओढला जातो. प्रकारानुसार काय पाहावे ते असे:

- पीव्हीसी: उघड्यावर राहिलेला भाग उन्हाने ठिसूळ झालेला असतो, आणि त्याचा दाबाचा वर्ग २७ अंश तापमानाला ठरवलेला असल्याने खानदेशी उन्हात तापलेला पाइप तितका दाब घेत नाही. पाइपमधून दोन इंच रुंदीचे कडे कापून ते शिकंज्यात हळूहळू दाबावे. न तडकता चपटे झाले तर पाइपमध्ये जीव आहे, तडतडून फुटले तर तो भाग बाद करावा.
- बिडाचे पाइप: यांचा धोका फसवा असतो. लोह निघून जाऊन काळा, मऊ सांगाडा उरतो आणि आकार मात्र जसाच्या तसा राहतो. हातोडीने हलके ठोकल्यावर खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला किंवा चाकूने पृष्ठभाग खरवडता आला, तर त्यावर विसंबू नये.
- लोखंडी पाइप: गंज खरवडून खड्ड्यांची खोली मोजावी. ध्वनिलहरींनी जाडी मोजणारे छोटे यंत्र उपलब्ध झाल्यास पाइप न कापता भिंतीची जाडी कळते. पाइपचा तळ पाहायला विसरू नये, गंज बहुधा तेथे जास्त असतो.
- अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे पाइप: तुटलेल्या तुकड्याच्या ताज्या कडेवर फिनॉल्फ्थॅलिन हे रसायन लावले असता गुलाबी रंग आला तर तेथील सिमेंट अजून सशक्त आहे, रंग आला नाही तर त्याचा तेवढा थर निकामी झाला आहे. हे पाइप ग्राइंडरने कोरडे कापू नयेत. त्यांच्या धुळीतील तंतू फुप्फुसात जाऊन पुढे कर्करोगासारखे आजार होतात. कापणे अटळ असेल तर पाइप सतत ओला ठेवून हातकरवत वापरावी आणि तुकडे शेतात विखरून टाकू नयेत.

जॅकवेल, म्हणजे पाणी उपसण्यासाठी बांधलेली विहीर, वर्षानुवर्षे बंद असेल तर तीत उतरण्याची घाई प्राणावर बेतते. आत प्राणवायू संपलेला असू शकतो किंवा विषारी वायू साचलेला असू शकतो, आणि पहिल्या माणसाला वाचवायला उतरलेला दुसराही जातो. वायू मोजण्याचे उपकरण, पंख्याने पुरेसा वेळ हवा खेळवणे, कमरेला दोर आणि वर किमान दोन माणसे एवढे झाल्याशिवाय कोणालाही आत उतरवू नये. कंदील खाली सोडून पाहण्याची जुनी रीत विषारी वायू ओळखू शकत नाही.

नदीपात्रातील तुकडा

समुद्राखालच्या नळवाहिनीशी खरे साम्य येथे आहे. पात्र ओलांडणारा किंवा पात्रातील विहिरीपासून काठापर्यंतचा पाइप टाकला तेव्हा त्यावर चार-पाच फूट वाळू होती म्हणून आजही आहे असे मानता येत नाही. गिरणेतून झालेला वाळूउपसा आणि पुरांनी खरवडलेला तळ यांमुळे पाइप उघडा पडतो, दोन टेकूंमध्ये लोंबकळतो, आणि पुढच्या पुरात वाहून आलेले खोड त्याला अडकले की तुटतो. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर आणि डोंगरी या नद्यांना आलेल्या पुराने चाळीसगाव शहराचे आणि काठच्या गावांचे मोठे नुकसान केले. त्या पुरानंतर न तपासलेला पात्रातील कोणताही पाइप नव्यानेच पाहायचा आहे असे धरावे.

दुसरा धोका तरंगण्याचा आहे. १६० मिलिमीटरचा रिकामा पाइप पाण्याखाली आला की दर मीटरला सुमारे २० लिटर पाणी बाजूला सारतो आणि त्याचे स्वतःचे वजन दोन-अडीच किलोच असल्याने मीटरमागे १७-१८ किलोंचा जोर त्याला वर उचलतो. वाळूचे ओझे कमी झाले की हा जोर जिंकतो आणि पाइप कमानीसारखा वर येऊन सांध्यातून सुटतो. समुद्रातील मोठ्या नळ्यांवर याचसाठी काँक्रीटचा जड लेप देतात. गिरणेच्या पात्रात ठराविक अंतरावर काँक्रीटचे खोगीर, म्हणजे पाइपवर उलटे बसणारे वजन, ठेवणे आणि पावसाळ्यात पाइप रिकामा न ठेवता भरलेला ठेवणे हे दोन उपाय शक्य आहेत.

या तुकड्यात जुने पीव्हीसी असेल तर बाकीची पाइपलाइन कितीही चांगली निघाली तरी हा भाग बदलणेच शहाणपणाचे ठरते. उष्णतेने एकसंध जोडलेला एचडीपीई पाइप तळाच्या हालचालीबरोबर वाकतो आणि त्याला सुटणारे सांधे नसतात, म्हणून पात्रासाठी तो अधिक योग्य आहे. पात्रात खोदण्यासाठी मात्र महसूल आणि पाटबंधारे विभागांची परवानगी लागते.

पाण्याच्या दाबाची चाचणी

खड्ड्यांत दिसलेले पाइप चांगले असले तरी न दिसलेल्या शेकडो मीटरांबद्दल फक्त दाबाची चाचणीच काही सांगू शकते. ती फेब्रुवारी ते मे या कोरड्या महिन्यांत घ्यावी, म्हणजे वर आलेला ओलावा लगेच नजरेत भरतो.

१. वरचे टोक आणि सर्व एअर व्हॉल्व्ह उघडे ठेवून पाइप सावकाश भरावा. उदाहरणातील पाइपलाइनमध्ये सुमारे ३२,७०० लिटर पाणी मावते, म्हणजे पूर्ण प्रवाहानेही पाऊण तास लागतो. व्हॉल्व्ह अर्धवट उघडून त्याला दीड-दोन तास दिले तर आतली हवा नीट निघून जाते.

२. गाळ, शिंपले आणि मुळांचे तुकडे बाहेर पडून स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्यावे. नंतर दोनशे लिटरचा ड्रम भरण्यास किती सेकंद लागतात ते मोटरजवळ आणि शेतात मोजावे. सेकंदाला १२ लिटर वाहत असतील तर तो सुमारे १७ सेकंदांत भरतो. दोन्ही वेळांत मोठा फरक असेल तर पाणी वाटेत जात आहे.

३. टोक बंद करण्यापूर्वी त्याला पक्का आधार द्यावा. १६० मिलिमीटरच्या झाकणावर ४ किलो दाबाला सुमारे ८०० किलोंचा जोर येतो, म्हणून नुसत्या सोल्युशनवर चिकटवलेल्या टोपीवर विसंबू नये आणि झाकणाच्या रेषेत कोणालाही उभे राहू देऊ नये. मोटरच्या बाजूला फूटव्हॉल्व्हवर भरवसा न ठेवता स्वतंत्र व्हॉल्व्ह किंवा बंद चकती लावावी, नाही तर फूटव्हॉल्व्हची गळती पाइपची समजली जाते.

४. सर्वांत सखल जागी प्रेशर गेज बसवून हातपंपाने दाब एकेक किलोने वाढवावा आणि प्रत्येक टप्प्यावर पंधरा मिनिटे थांबावे. नव्या कामाचा दाब आणि वीज जातानाचा धक्का यांची बेरीज हा शेवटचा टप्पा, पण तो पाइपच्या मूळ वर्गाच्या पुढे नेऊ नये. बेरीजच वर्गापुढे जात असेल तर पाइपलाइन त्या कामासाठी नापास आहे, तिला ताणून पाहण्याने काही साध्य होत नाही.

५. सिमेंटचे पाइप पाणी पितात म्हणून त्यांना आधी एक दिवस भरून ठेवावे. पीव्हीसी सुरुवातीला किंचित ताणतो म्हणून पहिली घसरण मोजू नये. पुन्हा दाब भरून तासाभरात तो किती उतरतो ते पाहावे. प्रत्येक वेळी त्याच गतीने उतरत असेल तर गळती आहे.

गळती कोठे आहे हे शोधण्याचा एक साधा मार्ग आहे. वरचे तोंड उघडून मोटर बंद ठेवली की पाइपमधील पाणी गळतीच्या उंचीपर्यंत उतरून थांबते. खालच्या गेजचा काटा १.८ किलोवर स्थिरावला, तर गळती गेजपासून सुमारे १८ मीटर उंचीवर आहे, आणि लेव्हलने काढलेल्या नकाशावर ती जागा बऱ्यापैकी नेमकी सापडते. भेगाळलेल्या काळ्या जमिनीत पाणी भेगांतून दूर जाऊन दुसरीकडेच वर येते, म्हणून नुसत्या ओल्या डागावर खड्डा घेण्यापूर्वी हे मोजमाप करावे.

ही चाचणी कंप्रेसरच्या हवेने कधीही घेऊ नये. पाणी दाबले जात नाही म्हणून पाइप फुटला तरी जोर लगेच ओसरतो, पण दाबलेली हवा स्फोटासारखी मोकळी होते आणि पीव्हीसीचे तुकडे गोळीसारखे उडतात.

निकालानंतरचे पर्याय

पास किंवा नापास एवढेच दोन निकाल नसतात. दाब मोटरजवळ सर्वांत जास्त आणि वर जाताना कमी कमी होत जातो, ही गोष्ट ध्यानात घेतली तर बराच खर्च वाचू शकतो. उदाहरणातील पाइपलाइन सारख्या चढणीची असेल, तर मोटरपासून ९०० मीटरवर दाब ४० मीटरवरून २० मीटरवर आलेला असतो. तेथपर्यंत सहा किलोचा नवा पाइप टाकून वरचे ९०० मीटर चार किलोचे जुने पाइप धक्क्यासह सुरक्षित राहू शकतात. ठिबकसाठी जादा दाब हवा असल्यास तो या पाइपलाइनवर न लादता तिने फक्त वरच्या हौदात किंवा शेततळ्यात पाणी टाकावे आणि तेथून वेगळ्या लहान मोटरने ठिबक चालवावे. जुन्या पाइपलाइनचा सर्वांत चांगला उपयोग बहुतेक वेळा असाच होतो.

ह्यूम पाइप सरळ रेषेत असतील पण सांध्यांतून गळत असतील, तर त्यांच्या आतून कमी व्यासाचा एचडीपीई पाइप ओढून घेता येतो. व्यास घटल्याने घर्षण वाढते, म्हणून दाबाचा हिशेब पुन्हा मांडावा. रस्त्याखालचा किंवा शेजाऱ्याच्या उभ्या पिकाखालचा तुकडा न खोदता सुधारण्यासाठी हा पर्याय विशेष उपयोगी आहे.

नवे पाइप घ्यायचे ठरले तर महाडीबीटी पोर्टलवरील पाइप अनुदानाचा अर्ज आधी करावा. पूर्वसंमती मिळण्याआधी केलेल्या खरेदीवर अनुदान नाकारले जाते.

शेजाऱ्याचे शेत, रस्ता आणि कायदा

दुसऱ्याच्या जमिनीतून पाणी नेण्याचा हक्क महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४९ मध्ये आहे. शेजारी राजी नसेल तर पाण्यावर हक्क असलेल्या शेतकऱ्याला तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, आणि तहसीलदार चौकशीनंतर कमीत कमी नुकसान होईल अशा मार्गाने, भरपाई व वार्षिक भाडे ठरवून परवानगी देऊ शकतो. जमिनीखालचा पाइप किमान अर्धा मीटर खोल असावा, पाइपलाइन सुस्थितीत ठेवावी, दुरुस्तीसाठी शेजाऱ्याच्या शेतात जाण्यापूर्वी त्याला वाजवी सूचना द्यावी आणि खोदलेली जमीन स्वखर्चाने पूर्ववत करावी, या अटी त्याच कलमात आहेत. अर्धा मीटर ही कायद्याची किमान मर्यादा आहे. आजच्या खोल नांगरटीत पाइप तीन फूट खाली असलेला बरा.

कागद नसलेल्या जुन्या पाइपलाइनबाबत भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ महत्त्वाचा ठरतो. वीस वर्षे उघडपणे, शांततेने आणि खंड न पडता उपभोगलेला हक्क त्याने मिळू शकतो, तसाच सलग वीस वर्षे न वापरलेला हक्क संपूही शकतो. म्हणून पाइपलाइन नेमकी केव्हा बंद पडली, हे दाखवणारी वीजबिले, पाणीपट्टीच्या पावत्या आणि जुन्या पीकपाहणीच्या नोंदी जपून ठेवाव्यात आणि मुदत जवळ आली असेल तर वकिलाचा सल्ला लगेच घ्यावा. चालू पाइपलाइन कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत.

शेजाऱ्यालाही हक्क आहेत आणि ते मान्य करूनच काम सुरू करावे. पाइपलाइन नादुरुस्त ठेवल्याने त्याचे पीक बुडाले किंवा माती वाहून गेली तर भरपाईची जबाबदारी पाइपलाइन चालवणाऱ्याची आहे. चाचणीच्या दिवशी त्याला बोलावून, त्याच्या देखत दाब भरून आणि निकालाच्या कागदावर त्याची सही घेऊन ठेवली, तर पुढचे बरेच तंटे उद्भवतच नाहीत. रस्ता, रेल्वे किंवा वनजमीन ओलांडणाऱ्या तुकड्यासाठी त्या त्या विभागाची परवानगी चालू आहे का हे स्वतंत्रपणे पाहावे. धुळे-सोलापूर महामार्ग आणि चाळीसगावहून धुळ्याकडे जाणारा लोहमार्ग यांच्याखालून गेलेल्या पाइपला जुनी परवानगी असली, तरी रस्ता किंवा रुळांच्या बाजूचे काम बदलल्यावर अटी बदललेल्या असू शकतात.

पहिला हंगाम

पास झालेली पाइपलाइनही पहिल्या महिन्यात जुन्या सवयीने चालवू नये. मोटर सुरू करताना डिलिव्हरी व्हॉल्व्ह पाव उघडा ठेवून तो हळूहळू उघडावा, आणि बंद करताना आधी व्हॉल्व्ह आणि मग मोटर बंद करावी. उंचवट्यांवर एअर व्हॉल्व्ह नसतील तर ते बसवावेत, कारण तेथे साचलेली हवा प्रवाह अडवते आणि पाणी मागे फिरताना तेथे निर्माण होणारी पोकळी पाइप आत ओढते. वीज आल्यावर मोटर आपोआप सुरू करणारे ऑटो स्विच पाइपलाइन रिकामी झालेली असताना सगळे पाणी एकदम आत लोटतात. ते लावायचेच असतील तर त्यांना काही मिनिटांचा विलंब ठेवावा.

खड्ड्यांच्या जागा, सांध्यांचे प्रकार, बदललेले तुकडे, चाचणीतील दाब आणि ड्रम भरण्याचे सेकंद हे सर्व एका वहीत तारखेसह लिहावे, वाटेवर दर शंभर मीटरला खुणेचा दगड रोवावा आणि पहिल्या पुरानंतर पात्रातील तुकड्यावर किती वाळू उरली आहे ते काठी रोवून मोजून त्याच वहीत टिपावे.